सांबारवडीचा डबा

पुलगावला आमच्या गल्लीत एक बाई कागदी डबे करतात. नवा डबा त्या आधी वरण भरून शेजारच्या पोरांच्या हाती देतात आणि पोरांकडे न बघता फरशीकडे बघत बसतात. म्हणतात, "पोट्टं खोटं बोलते, फरशी नाई बोलत."

त्यांची पहिली मोठी ऑर्डर मी आणली. जाम गावच्या हॉटेलवाल्याला लहान मुलांसाठी सांबारवडीचा डबा हवा होता. मी मूळचा पुण्याचा, म्हणून बाईंना बजावलं, "पातळ सांबार आहे, सांडायला नको." विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला आम्ही डबा घेऊन हॉटेलात गेलो आणि हॉटेलवाला हसला तेव्हा कळलं.

"कोरड्या वडीले एवढं झाकण काऊन, बाई?"

ऑर्डर गेली, असं समजून मी खाली मान घातली. बाईंनी माझं नाव घेतलं नाही. वडीसोबतची कढी डब्यात ओतली, झाकण दाबलं आणि डबा माझ्या पांढऱ्या शर्टावर उलटा धरून हलवला. एक थेंब पडला नाही.

"पोट्ट्याईले कढी नाई देत का तुम्ही?"

हॉटेलवाल्यानं ऑर्डर पक्की केली.

हॉटेलातून येऊनही शर्टावर एक डाग कसा नाही, असं बायकोनं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "आमच्या बाईंच्या डब्याखाली उभा होतो."