फॉर्ममधली बैठी बाई

“सांग तिला, काटा मोडणार नाही.”

मॅडम हे इंग्रजीत म्हणाल्या. टीममधले बाकीचे तिघं हसले. बंदराजवळच्या सभागृहात वीसेक बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. हसणं कळतं.

वजनकाट्यासमोर माझी आय उभी होती. चपला बाजूला काढलेल्या, पदर कमरेला खोचलेला. ती वर चढत नव्हती. आम्ही थळचे कोळी. आय सुकी मासळी विकते. सकाळी माल मांडला की आधी काट्याला हात लावते, तो हात कपाळाला लावते, मग पहिलं गिऱ्हाईक. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर ती आजवर कधी पाय ठेवायला गेली नव्हती. रांगेतल्या चार बायका याच कारणाने आधीच परत फिरल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ‘सहकार्य नाही’ असं लिहिलं गेलं होतं.

आय माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “काट्यावर पाय कसा देऊ गो?”

हे मॅडमना सांगणं एका वाक्याचं काम होतं. मला इंग्रजी येतं, म्हणून तर मला घेतलं होतं. मी इंग्रजी माध्यमात शिकले. अलिबागला विज्ञानाची पदवी घेतली. मॅडमच्या मुंबईतल्या संस्थेला किनाऱ्यावरच्या आणि आतल्या भातशेतीच्या गावांतल्या लोकांची वजनं, खाणं, हालचाल तपासायची होती. हवामान आणि राहणीचा अंगावर काय परिणाम होतो, असा विषय. तीन महिन्यांचं काम. गावातली, शिकलेली, कमी बोलणारी मुलगी त्यांना हवी होती.

मी म्हणाले, “मावशी, चढा लवकर. मॅडम थांबल्यात.”

मावशी. माझ्या आयला.

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, “व्हय मॅडम.”

वाकून काट्याला हात लावला, कपाळाला लावला आणि चढली. कुणीतरी आकडा मोठ्याने वाचला. सत्त्याऐंशी. मी लिहिला.

पुढचे प्रश्न मलाच विचारायचे होते. फॉर्म क्रमांक अठरा. आडनाव माझंच, पण आमच्या गावात अर्ध्या घरांचं तेच आडनाव आहे. कुणी चमकून पाहिलं नाही.

“व्यायाम करता का?”

“न्हाय.”

“रोज चालायला जाता का?”

“चालायला? कशाला?”

मागून एक काकी म्हणाली, “सांग ना, हिरोईनवानी पुळणीवर धावतंव.” बायका हसल्या. आय हसली नाही.

“दुपारी झोपता का?”

“व्हय. दोन तास.”

“भात किती वेळा?”

“दोन टायम. तुला म्हाईत न्हाय?”

मी मान वर केली नाही. खालच्या चौकटीत तीन पर्याय होते. सक्रिय, मध्यम, बैठी. मी ‘बैठी जीवनशैली’वर खूण केली. खाली सही केली. मॅडमनी फॉर्म उचलून बघितला आणि शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, “हा किनाऱ्याचा नमुना. दमट हवा, भात आणि दुपारची झोप. घाटावरची बाई बघा, कशी काटक असते. कोरडी हवा माणसाला हलतं ठेवते.”

हे काही त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पंख्याखाली उभ्या होत्या, घाम पुसत होत्या. हवेबद्दल बोलावं तसं बोलल्या.

लिहिताना मला कुणाला दोष द्यायची घाई नाही. आधी स्वतःचं लिहिते. मावशी म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती सवय जुनी. शाळेत माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या घरी नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या, वडील शिक्षक नाहीतर वकील. माझ्या दप्तराला सुक्या जवळ्याचा वास येतो असं एकीने सांगितल्यावर मी दप्तर गच्चीत वाळवायला लागले. खेळाच्या तासाला सर मला धावायच्या रांगेतून काढून गोळाफेकीला पाठवायचे. म्हणायचे, “तुझी हाडंच तशी आहेत. समुद्राकडची.” मी गोळा फेकायचे. बरी फेकायचे. घरी कधी कुणाला बोलावलं नाही. पालकसभेला मी आयऐवजी मामाला नेत असे, तो बँकेत शिपाई होता आणि शर्ट-पँट घालायचा. आय दर वेळी विचारायची, “यंदा मी येऊ का?” मग विचारायची बंद झाली. मी मोकळी झाले, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा आयने ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं, भात होता. तिने माझ्या ताटात भात नेहमीपेक्षा कमी वाढला. मी मागितला नाही.

पुढच्या आठवड्यात मनगटावर बांधायचे पट्टे आले. दिवसभरात किती पावलं पडली ते मोजणारे. गावातल्या दहा बायकांना दिले. सात दिवसांनी परत घेतले. आकडे इतके कमी आले की टीममधला एक जण म्हणाला, “यांनी कपाटात ठेवले असणार.” मॅडम म्हणाल्या, “किंवा खरंच तेवढंच हलतात.” मला परत बायकांकडे पाठवलं. नीट विचारून ये, पट्टा घातला होता का.

मी दारोदार गेले. त्या दिवशी थट्टा करणाऱ्या काकीकडेही गेले. या वेळी ती हसली नाही.

“चोर समजतंय का आमाला? झोपतानासुदिक काढला न्हाय. हे बघ.” तिने मनगट पुढे केलं. पट्ट्याच्या जागी पुरळ उठलेलं होतं. खारं पाणी आणि घाम.

मी ते बघितलं आणि मला स्वस्थ बसवेना. पुरळ खरं होतं. आकडाही खरा होता. दोन्ही खरे कसे असतील?

दोन पट्टे चार्ज करायला माझ्याकडे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आय बंदरावर निघाली तेव्हा मी त्यातला एक तिच्यापुढे धरला.

“ह्यो कशाला मला?”

“बघायचंय.”

“काय बघायचंय ते बघून झालं ना तुझं?” ती म्हणाली. पण हात पुढे केला. पट्टा बांगड्यांत अडकत होता. तिने दोन बांगड्या वर सरकवल्या.

दुसरा मी माझ्या मनगटावर बांधला. आम्ही निघालो. कितीतरी वर्षांनी मी तिच्याबरोबर बंदरावर जात होते.

ओहोटी होती. होडी लांब थांबली होती. आय गुडघाभर चिखलात उतरली, डोक्यावर चुंबळ, त्यावर बोंबलांची पाटी, पाणी निथळतंय, दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरलेली. तिथून वाळूची पुळण चढून वाळवणाच्या जागेपर्यंत. रिकामी पाटी काखोटीला मारून परत. पुन्हा चिखल. मी तिच्या बाजूने चालत होते, मोकळ्या हातांनी, ती जाईल तिथे, येईल तिथे. चौथ्या फेरीला मला धाप लागली. ती चिखलात पाय कुठे टाकायचा हे न बघता चालत होती. मग बांबूच्या वलांडीवर एकेक जोडी बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे. हात वर, मान वर, सूर्य वर येईपर्यंत. मी दोन रांगा टांगल्या आणि खांदे भरून आले. तिने बाकीचं सगळं टांगलं.

दहाच्या सुमाराला मी दोन्ही पट्टे शेजारी धरले. माझ्या पट्ट्यावर हजारांनी पावलं. तिच्या पट्ट्यावरचा आकडा माझ्या पाव भागही नव्हता.

आम्ही एकाच वाटेवर चाललो होतो.

मी तिथेच वाळूत बसले आणि कळलं. पट्टा मनगटाचा झोका मोजतो. हात हलला तर पाऊल. डोक्यावर पाटी धरलेल्या बाईचे हात हलत नाहीत. यंत्र ज्याने बनवलं त्याच्या डोळ्यांपुढे मोकळ्या हातांनी चालणारा माणूस होता. आणि फॉर्म ज्याने बनवला त्याला दुपारची झोप दिसत होती, पहाटेची ओहोटी दिसत नव्हती. पण पहाटेची ओहोटी मला तर माहीत होती. मी त्याच घरात उठते. तरी मी ‘बैठी’वर खूण केली होती.

आय मागे येऊन उभी राहिली. “काय सांगतंय तुझं घड्याळ?”

“तू चाललीच नाहीस म्हणतंय.”

ती वाळूवर थुंकली आणि पाटी धुवायला गेली.

एक गोष्ट लपवत नाही. आयचं वजन खरं आहे. तिला साखर आहे, गुडघे दुखतात. आमच्या बायका पूर्वीपेक्षा जाड झाल्यात हे काट्याने खोटं सांगितलेलं नाही. पण का, हे विचारायला हवं होतं. ताजी मासळी टेंपोने थेट शहरात जाते, बंगल्यांवर जाते, आणि बाजारात बसलेली बाई दुपारी वडापाव खाते, कारण तो हातात धरून गिऱ्हाईक करता येतं. ऊन इतकं वाढलंय की वाळवणावर पूर्वीइतका वेळ उभं राहता येत नाही. मासळी कमी आली की फेऱ्या कमी, बसणं जास्त, चहा जास्त. आतल्या गावांत हेच दुसऱ्या रीतीने झालं. भाताची जमीन विकून बंगला उभा राहिला आणि ज्याची जमीन होती तो फाटकावर खुर्चीत बसला. बारा तास. त्याच्या फॉर्मवर मी ‘बैठी’ लिहिलं, ते बरोबर होतं. त्याला खुर्चीत कुणी बसवलं, यासाठी फॉर्मवर चौकट नव्हती.

शेवटची बैठक मॅडमच्या बंगल्यावर होती. अलिबागपासून जवळ, समुद्राकडे तोंड. आत काचेमागे चालायचं यंत्र होतं. काच बंद, एसी चालू. मॅडम नुकत्याच त्यावरून उतरल्या होत्या. म्हणाल्या, “बाहेर या हवेत कोण चालणार.” आणि टॉवेलने मान पुसली.

मला एक कागद दिला. समारोपाला सभागृहात बायकांपुढे माइकवर वाचायचा संदेश. मराठीत करून आण, म्हणाल्या. इंग्रजीत होतं, आळस सोडा, उठा, रोज तीस मिनिटं चाला, आपल्या हवामानाला सबब बनवू नका.

मी चारचौघांत बोलत नाही. वर्गात उत्तर येत असून कधी हात वर केला नाही. पट्ट्याबद्दल सांगायला लागले तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तरी सांगितलं. पाटी, हात, दोन आकडे. काट्यावर पाय न देणाऱ्या चार बायका.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गोड आहे हे. पण दहा पट्टे म्हणजे काही सगळं नव्हे, आणि अहवाल तयार झालाय. भावनिक होऊ नकोस. तू त्यांच्यातून वर आलीस. तू तशी नाहीस.”

हेच वाक्य मला शाळेतही वेगवेगळ्या तोंडांनी ऐकवलं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला ते बक्षीस वाटलं होतं.

मी म्हणाले, “अठरा नंबरचा फॉर्म माझ्या आयचा आहे.”

एक जण मोबाइल बघायला लागला.

“मग तेव्हाच सांगायचंस,” मॅडम म्हणाल्या.

“हो. तेव्हाच सांगायला हवं होतं. हे मी वाचणार नाही.”

“मग दुसरं कुणी वाचेल. तुझं काम आज संपलं समज. पट्टे आणि फॉर्म जमा कर.”

फॉर्म माझ्या पिशवीत होते. आमच्या गावचे बेचाळीस, सगळ्यांवर माझी सही. मी बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसले. पेन काढलं. प्रत्येक फॉर्मवर, ‘बैठी’च्या चौकटीशेजारी लिहिलं, ही माहिती मी चुकीची भरली आहे, कामाबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही, पट्टा डोक्यावर ओझं असताना मोजत नाही. खाली नाव, सही. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे भाषांतराला माणूस लागू नये. ज्या चौघींपुढे ‘सहकार्य नाही’ होतं, तिथे कारण लिहिलं. माळी पाणी घालता घालता थांबून बघत होता. हात दुखायला लागला तरी एकही फॉर्म सोडला नाही.

आत जाऊन गठ्ठा टेबलावर ठेवला. मॅडमनी वरचा वाचला. “तू हे खराब केलेस,” त्या म्हणाल्या.

“खराब मी आधी केले होते,” मी म्हणाले आणि निघाले.

अहवाल येईल. कदाचित माझ्या ओळी गाळून येईल. समारोपाला तो संदेश कुणीतरी वाचला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, बिस्किटाचे पुडे घेतले आणि वाळवणावर गेल्या. आय अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिने मला माफ केलंय का, हे मी विचारणार नाही. ते विचारून मला हलकं व्हायचं नाही.

आता मी वही घेऊन घरोघर जाते. काल काय उचललंस, कुठून कुठे, किती फेऱ्या, मध्ये काय खाल्लंस, ऊन कधी लागलं. बायका वैतागतात, थट्टा करतात, मग सांगतात. बेचाळीस घरं आधी. नंतर आतली गावं, फाटकावरचा तो खुर्चीतला माणूससुद्धा. साखरेचं आणि गुडघ्यांचंही लिहिते, झाकत नाही. आमच्या अंगाबद्दल जे वाईट आहे तेही आमच्याकडूनच लिहिलं जाईल.

पुन्हा एखादी टीम येईल. त्यांना इंग्रजी येणारी, कमी बोलणारी मुलगी लागेल. त्यांनी मला बोलवावं. मी जाईन, वही घेऊन, समोरच्या खुर्चीत बसेन, आणि पहिला प्रश्न मी विचारेन.