मामांच्या गाडीचा वास

अख्ख्या लालबाग-परळात नाकाच्या भरवशावर जगलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. बाकीच्यांना नाक श्वास घ्यायला आणि चष्मा टेकवायला मिळालेलं असतं. मामांनी त्याच्यावर संसार केला. दूध उद्या नासणार हे त्यांना आज कळे, आणि आंब्याची पेटी न उघडता ते आतल्या डागाळलेल्या आंब्याचा कोपरा दाखवत. पण या नाकाचा खरा पराक्रम चाले तो त्यांच्या जुन्या गाडीपुढे. ही गाडी पिस्त्याच्या रंगाची, माझ्याहून वयाने मोठी आणि मामांच्या मते माझ्याहून समजूतदार. रोज सकाळी देवपूजा आटोपली की मामा खाली जाऊन बॉनेट उघडत, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेत आणि निदान सांगत, "आज पेट्रोल जास्त पितेय." मेकॅनिकने तासभर खटपट करून तेच सांगितलं की मामा त्याच्याकडे दयेने पाहत.

एकदा दादरला नात्यातल्या लग्नात नवरा-नवरीची फुलांनी मढवलेली गाडी निघायची होती. मुलीकडची मंडळी डोळे पुसत होती आणि मामा सायलेन्सरपाशी वाकले होते. "पुलापर्यंत जाईल," ते म्हणाले. गाडी पुलावरच बंद पडली आणि नवरदेवाला शेरवानीत धक्का मारावा लागला. मुलीकडच्यांत मामांचा मान वाढला. मुलाकडच्यांनी मात्र दृष्ट यांचीच लागली असं ठरवून टाकलं.

चाळ होती तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असे. वास तेव्हाही येई, पण शेजारच्या गल्लीत मिरच्या कांडायला लागले की बिचाऱ्या पेट्रोलला कोण विचारतो. पुढे चाळीचा टॉवर झाला आणि गाडी तळमजल्यावरच्या बंदिस्त पार्किंगमध्ये गेली. तिथे वाऱ्याला यायची सोय नव्हती. वास लिफ्टमधून वर चढे. सातव्या मजल्यावर दार उघडलं की पेट्रोलपंपच भेटायला आल्यासारखं वाटे. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग त्यांची डोकी दुखायला लागली आणि शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी मामांच्या घरी आले.

"मामा, गणपतीपर्यंत वास गेला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर गाडी बाहेर काढावी लागेल. आणि बाहेर जागा कुठंय? सरळ भंगारातच जाईल ती."

"वास? कसला वास?" मामा हसले. "मी रोज बॉनेट उघडून बघतो. काही येत नाही."

हा त्यांचा नेहमीचा हट्ट, असंच आम्ही सगळे धरून चाललो. पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो, तेव्हा मामी आत सुकट भाजत होत्या. सुकट भाजली की वरखालच्या चार मजल्यांना खबर लागते. मामा हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. त्यांनी आत हाक मारली, "जेवणाक आज काय केलंस गो?"

स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. कोकणातला माणूस, घरात सुकट भाजत असताना, हे विचारतो! मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पेपराची घडी घातली. "करोना झाला होता ना, तेव्हापासून येत नाही," ते म्हणाले. "वाटलं होतं, येईल परत." एवढे दिवस हा माणूस रोज सकाळी बॉनेटखाली नुसताच वाकत होता.

पण खचतील ते मामा कसले. ताटावरून उठेपर्यंत त्यांनी मोहीम आखली होती. "वास शोधत बसायचंच नाही. वासाचं घर मोडायचं." आताच्या पेट्रोलला जुनं रबर मानवत नाही, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. टाकीच्या झाकणाचा वायसर नवा आला, झिरपणारा कार्बोरेटर खोलला गेला, तेलकट फडकी हद्दपार झाली. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या कोळशाच्या वाट्या त्यांनी कोपऱ्यात मांडू दिल्या, पण उदबत्तीला सक्त मनाई. "पेट्रोलजवळ उदबत्ती लावणारा पुढचा वास घ्यायला उरत नाही," असं त्यांनी सेक्रेटरींनाच सुनावलं. शिवाय इंजिन आत सुरूच करायचं नाही, गाडी ढकलत फाटकापर्यंत न्यायची आणि मग चावी फिरवायची, असा दंडक घातला. इस्त्रीच्या शर्टातले सेक्रेटरी रोज ऑफिसला जाताना मागून हात लावू लागले आणि मामा आतून स्टिअरिंग धरून त्यांना "जोर कमी पडतोय" म्हणून सांगू लागले.

राहिला प्रश्न एकच. वास गेला की नाही हे मामांना सांगणार कोण? हे काम मामींकडे आलं. लग्नापासून या गाडीत नाकाला पदर लावून बसलेल्या मामी आता रोज सकाळी खाली उतरू लागल्या. मामा बॉनेट उघडून अदबीने बाजूला होत. मामी वाकत, विचार करत आणि म्हणत, "वायच येता." जरासा येतोय म्हटल्यावर मामांच्या अंगात उत्साह संचारे आणि पाना हातात येई.

गणपती आले. सेक्रेटरींनी गाडीभोवती चक्कर मारली, दोनदा वाकून पाहिलं आणि गाडी इथेच राहील असं जाहीर केलं. मामांनी मोदक वाटले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण भंगारात गाडीबरोबर मामाही गेले असते याची मला खात्री होती.

दिवाळीत गेलो, तेव्हा मामींची तपासणी चालूच होती. "वायच येता," त्या म्हणाल्या. मामा पाना शोधायला वळले, तशी मी हळूच बॉनेटखाली मान घातली. वास नावालाही नव्हता.

लिफ्टपाशी मी मामींना गाठलं. "मामी, आता तर काहीच वास येत नाही."

"माका ठाऊक आसा," मामींनी लिफ्टचं बटण दाबलं. "पण मी नाय म्हटलंय, तर उद्या ते खाली कित्याक येतले?"

मी मागे वळून पाहिलं. मामा आधीच घट्ट असलेला एक नट मोठ्या भरवशाने आवळत होते.