हीटर लावून गार वाटलं तेव्हा

मुंबईतल्या गाडीला हीटर कशासाठी देतात, हे मला कधीच कळलं नव्हतं. गाडी घेतल्यापासून ते बटण लाल खुणेकडे कुणी फिरवलं नव्हतं. मे महिन्याच्या भर दुपारी हीटर लावणारा माणूस एक तर वेडा असणार, नाहीतर माझा नवरा.

त्या दुपारी आम्ही मुलुंडहून मुलीला विमानतळावर सोडायला निघालो होतो. परदेशातून येऊन ती तीन आठवडे घरी होती, पण माझ्या वाट्याला आलीच नाही. घरात सतत माणसं. कुणी आंबे घेऊन येत होतं, कुणी स्थळ घेऊन. पोरगी वाळली होती. जेवताना मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत राहायची. काही विचारलं की हसायची. काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं, पण चार माणसांत खोदून विचारता येत नव्हतं. विमानतळावर आम्हाला उतरवून नवरा गाडी लावायला जातो, तेवढा वेळ आम्ही दोघीच असतो. तेव्हा विचारायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं.

लिंक रोडला मेट्रोच्या कामासाठी ठोकलेल्या पत्र्यांमुळे नेहमीसारखी वाट लागली होती. गाडी इंच इंच सरकत होती, आणि पाक करपल्यासारखा गोडसर वास यायला लागला.

"अरे, वास येतोय कसला तरी."

"बाहेरचा असेल. काटा बघ, मध्यावर आहे."

नवऱ्याचा माझ्या नाकावर नाही एवढा विश्वास इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या त्या काट्यावर. पवईच्या अलीकडे तो काटा लाल रेघेकडे चढला, तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा पडला. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एक उपाय सांगून ठेवला होता: इंजिन तापलं की एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. त्याने तसं केलं. आम्ही काचा खाली करून, भाजणार म्हणून तोंडं फिरवून बसलो.

भाजलं नाही. हवा आली ती साधीच, बाहेर होती तशी. पण आम्हाला ती गारच वाटली. थोड्या वेळाने काटाही खाली आला.

"झकास!" नवऱ्याने स्टिअरिंगवर थाप मारली.

मुलगी मागून पुढे वाकली. "बाबा, हीटर लावलायस ना? मग गरम हवा कुठेय? माझ्या तिथल्या गाडीत तर लगेच हात भाजतात. थांबव ना गाडी."

"तिथल्या गाड्या वेगळ्या. काटा खाली आलाय, आता कशाला थांबू?"

"अरे, ती रोज हीटर लावते, तिला कळतं," मी म्हटलं.

"दोघी मिळून डोकं खाऊ नका."

पवईचा तलाव मागे पडला आणि पुढच्या चढावर इंजिनाने खडखड केली, एक आचका दिला आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. नवरा बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला. जणू बघून ते सुरू होणार होतं. काटा अजून खालीच होता. तो उपटून फेकावासा वाटला मला.

मुलीने टॅक्सी मिळवली. तिच्या डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे एक बॅग ड्रायव्हरशेजारी आणि दुसरी मागच्या सीटवर, मुलीला चेपून. मला शिरायला जागाच नव्हती. पोलीस शिट्टी मारत होता. मी खिडकीत वाकले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"आई, मला तुझ्याशी बोलायचं होतं गं. बाबा गाडी लावायला गेला की बोलणार होते."

पोलिसाने टपावर थाप मारली. "जाऊ दे, फोनवर बोलू," ती म्हणाली, आणि टॅक्सी निघाली.

संध्याकाळी गॅरेजमधून परतल्यावर नवऱ्याने मला शास्त्र समजावलं. पाइप फुटून इंजिन गार ठेवणारं पाणी गळून गेलं होतं; तो गोडसर वास त्याचाच. काट्याला खबर देणारा सेन्सर त्या पाण्यात असतो. पाणीच नाही तर तो मोजणार काय? हीटरही त्याच पाण्यावर तापतो. हे सगळं तो इतक्या अधिकाराने सांगत होता की माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मग 'मला माहीत नाही' असं सांगणारा एखादा काटा का नाही बसवत हे लोक? आणि माणसाला नाक कशाला दिलंय?

पोचल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. मी नवऱ्याला मुद्दाम दूध आणायला पिटाळलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "काय बोलायचं होतं गं तुला?"

ती हसली. "काही नाही गं आई, असंच."

त्यानंतर दर फोनला मी तेच विचारते. दर वेळी ती तशीच हसते.