तुळशीरामची दाढ

देव माणसाच्या शरीरात नेमका कुठे वास करतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. शास्त्रीमंडळींत याबद्दल मतभेद आहेत. माझा धाकटा भाऊ तुळशीराम याच्या बाबतीत तो खालच्या जबड्यात, डावीकडच्या शेवटच्या दाढेत होता.

अंगात येणं, बाहेरचं लागणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीत परकोटाबाहेरच्या कापूसबाजारात आम्ही दोघं भाऊ दलाली करायचो. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून ठरवायचा, ही रीत. तुळशीरामची बोटं बाजारात सगळ्यांत शहाणी.

त्या हंगामात त्याची दाढ सुजली, आणि चार दिवसांत कापसाच्या गंज्या त्याच्याशी बोलू लागल्या. जेवण सुटलं. बायकोला ओळखेना. गंजीला टेकून बसायचा आणि येईल त्याचा हात रुमालाखाली ओढायचा. त्याची बोटं थरथरायची. व्यापाऱ्यांनी त्या थरथरीतून भाव काढला. तो दोनदा खरा ठरला, आणि तुळशीरामचे तुळशीराम महाराज झाले. अकोल्याहून शेटलोक दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, जुंपून येऊ लागले. ज्याच्या बैलांच्या शिंगांना चांदी, त्याचा हात आधी.

मीही एकदा हात घातला. भाव काही कळला नाही. हात तव्यासारखा तापलाय, एवढंच कळलं.

आमचा किसन न्हावी दाढाही उपटायचा. त्यानं तुळशीरामचं तोंड उघडून पाहिलं.

"बापू, तुमच्या भावाच्या अंगात देव नाई. दाढेत पू हाय."

"पुवानं माणूस खुळा होतो का रे?"

"मले काय माईत? मी न्हावी आहो. पण दोनी संगंच आले ना?"

मी हसलो.

पाच-सहा दिवसांनी गळू आपोआप फुटलं. वाटीभर पू गेला, ताप उतरला. दुसऱ्या सकाळी तुळशीराम अंगणात येऊन बसला, बायकोकडे भाकर मागितली आणि मला म्हणाला, "दादा, हे लोक माह्या पाया काहून पडून राहिले?"

किसन चिमटा घेऊनच आला. "मूळ आतच हाय. आजच काढा, नाई तं पुन्हा भरते."

"काढून टाक बाबा," तुळशीराम म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादा, मले तिकडं परत नाई जायचं."

पण अकोल्याच्या एका शेटनं सोमवारी महाराजांची मिरवणूक ठरवली होती. मंडप, वाजंत्री, हत्ती. त्याच्या कानावर दाढेची गोष्ट गेली. "दाढ काढल्यावर देव निंघून गेला तं? हत्तीवर कोणाले बसवू, तुमाले?"

सांगायला लाज वाटते — मला बसायचंच होतं. भावाच्या मागं, हत्तीवर. जरीचं पागोटं आणून ठेवलं होतं. ज्या थाटाला जन्मभर हसलो, तोच थाट... मी म्हणालो, "सोमवारपर्यंत थांबू."

मी तुळशीरामच्या बायकोचा, रखमाचा भासरा, म्हणजे थोरला दीर. ती माझ्याशी थेट बोलत नसे. दाराआडून ती भिंतीला म्हणाली, "सोमवार लय लांब हाय म्हणा त्याहीले." भिंतीनं निरोप पोचवलाच नाही, असं मी धरून चाललो.

रविवारी गाल पुन्हा सुजला. संध्याकाळपर्यंत गंज्या बोलू लागल्या. सोमवारी हत्तीवर माझ्यापुढे बसलेल्या भावानं मागे वळून मला विचारलं, "तुमी कोण?" मिरवणूक आटोपल्यावर किसन आला, तर चिमटा पाहून तुळशीराम किंचाळला. चौघांनी धरलं तरी तोंड उघडेना. सूज गळ्यात उतरली. आठव्या दिवशी तो गेला.

दाढेचा आणि बुद्धीचा संबंध काय? पुढं इंग्रजांच्या छावणीतल्या डॉक्टरला विचारलं. तो हसला — मी किसनला हसलो होतो, अगदी तसाच. वैद्यांना विचारलं, एका मांत्रिकालाही विचारलं. उलगडा आजवर झालेला नाही. मला इतकंच माहीत आहे की माझा भाऊ एकदा परत आला होता, आणि मी त्याला सोमवारपर्यंत थांब म्हणालो.

लढाई संपली, भाव कोसळले, शेटनं हत्ती विकला. अकोल्याच्या रस्त्यावर त्यानं बांधलेली महाराजांची समाधी मात्र शाबूत आहे. लांबून लांबून लोक नवस बोलायला येतात — दाढदुखीसाठी. गुण न आल्यास समोरच कडुनिंबाखाली किसन बसतो.