वेल्डरबाबांचा धावदोरा

वेल्डरबाबांना झटका आला तो उजव्या अंगावर. पाय हळूहळू सावरला. हात मात्र मांडीवर नुसता पडून राही. उभं आयुष्य गोदीत जहाजांचं लोखंड जोडण्यात गेलेलं. आता मुलगा कामाला गेला की घरात बाबा आणि सूनबाई, दोघंच. बोलणं काय, तर "चहा ठेवू?" आणि "ठेव."

सूनबाई खिडकीपाशी बसून निळ्या कापडावर जाड पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालायची. जपानी पद्धतीचा, साशिको म्हणतात त्याला. टाका साधाच, पण त्यातून एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांची नक्षी उमटायची. बाबा बघून न बघितल्यासारखं करत.

एकदा मात्र राहवलं नाही. "ओळ वाकडी चाललीय."

"मग तुम्ही करा की सरळ," म्हणत तिने कापड त्यांच्या मांडीवरच ठेवलं.

"हे बायकी काम..." म्हणेपर्यंत तिने सुई त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत दिली होती. आणि लगेच निसटलीही. बाबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारातून लांब, जाड सुई घेऊन आली.

सुरुवातीला नुसता वैताग. उजव्या बोटांत सुई जेमतेम ठरे, आणि बाबा डाव्या हाताने दोरा असा खेचत की कापडाला चुण्या पडत.

"बाबा, जीव घ्याल त्याचा! टाके सुईवर भरा, दोरा ओढा, मग हात फिरवून कापड मोकळं करा. वळणावर मागच्या बाजूने जरा ढील ठेवा."

"लोखंडही तापलं की जागा मागतं," ते पुटपुटले. मग गोदीतल्या गोष्टी निघाल्या त्या थांबेचनात. संध्याकाळी मुलगा आला तर चूल थंड, आणि दोघं हसताहेत.

वेल्डिंगचा हात काही परत आला नाही. पण शर्टाची बटणं बाबा आपली आपण लावू लागले. आजारपणात ज्याला टाळलं होतं, त्या गोदीतल्या जोडीदारालाही त्यांनी निरोप धाडून बोलावलं.

बाबांच्या हातात सुई-दोरा बघून तो दारातच थबकला. "अरे, शिंपी झालास की काय?"

"झालो. तुझा खिसा उसवलाय. काढ शर्ट."

जोडीदार बनियनवर चहा पीत बसला. बाबांनी मान खाली घालून सावकाश खिसा शिवला आणि शर्ट ऐटीत पुढे केला. जोडीदाराने खिशात हात घालून पाहिला. हात जाईना.

"अरे गाढवा, तोंडच शिवलंस की!"

सूनबाई ओट्यापाशी हसून हसून लाल झाली. "द्या काका, उसवते."

"राहू दे गं," तो शर्ट घालत म्हणाला. "गोदीत सगळ्यांना दाखवतो आधी."

बाबांनी सुईत दुसरा दोरा ओवायला घेतला.