तुरटीच्या डब्यातला दगड

ब्राह्मणपुरीच्या छगन पाटलाच्या पपईला पाणी कधी कमी पडलं असेल, पण दगडांना त्याचा वेळ कधी कमी पडला नाही. शिवाराबाहेरची दगडखाण बंद पडली, क्रशरवाले निघून गेले, तेव्हापासून ती जणू त्याच्याच नावावर. हातोडी-छिन्नीनं काळा पाषाण फोडायचा, आतल्या पोकळीत चमकणारे स्फटिक दाभणानं माती कोरत सोडवायचे आणि उपरण्यात तान्ह्या पोरासारखे गुंडाळून घरी आणायचे. ओट्यावर दगड, खाटेखाली दगड, ज्वारीच्या कोठीतही दगड. शेवटी बायकोनं, शोभाबाईनं, सगळे बांधावर फेकले आणि निकाल दिला, "घरमा आखो एक दगड उना, ते मी माहेरले निंघी जासू."

छगन काही दिवस शहाण्यासारखा वागला. मग खाणीत त्याला मुठीएवढा, काचेसारखा आरपार स्फटिक सापडला. असा दगड टाकून येणं म्हणजे पापच. त्यानं तो गुपचूप आणून तुरटीच्या डब्यात टाकला. तुरटीत कुणाला ओळखू येणार नाही, असा हिशेब. हिशेब अगदी बरोबर निघाला.

शोभाबाईनं तो माठात फिरवला. सकाळी फिरवला, संध्याकाळी फिरवला. पाणी गढूळ ते गढूळच. मग तिनं 'तुरटी' पदराला बांधली, छगनला मोटारसायकल काढायला लावली आणि शहाद्यात उमेदमल शेटजींचं किराणा दुकान गाठलं.

"शेटजी, नकली तुरटी इकतस का?"

तिनं पदराची गाठ सोडली आणि छगननं आपला स्फटिक ओळखला.

शेटजींनी खडा जिभेला लावला. "भाभी, तुरटी जीभ आवळते. ही तर काहीच बोलत नाही!"

"मंग! मी काय खोटं बोलस?"

गिऱ्हाईकं थांबून बघू लागली. शेटजी चिडले. "आजोबांपासून या गादीवर नकली माल आला नाही. थांबा, ही आमची तुरटीच नाही, सगळ्यांसमोर फोडूनच दाखवतो!" त्यांनी दोन किलोचं वजन उचललं.

छगननं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे माहेरची बस सुटताना दिसली. तरी तोंडातून निसटलंच, "नका फोडू, शेट! मन्हा शे तो!"

शोभाबाई हळूच वळली. "तुमना?"

"खाणना..."

"मंग आपन इतला दिन दगडनं पानी पी ऱ्हायनूत?"

शेटजी इतके हसले की वजन हातातून गादीवर पडलं.

शोभाबाई माहेरी गेली नाही. पण दगडही घरी आला नाही. तो शेटजींच्या तराजूशेजारी मानानं बसलाय. छगन वारंवार दर्शनाला जातो. नुसतं बघून परत यायला लाज वाटते, म्हणून दरवेळी थोडी तुरटी घेतो.

आता ओट्यावर तुरटी, खाटेखाली तुरटी, ज्वारीच्या कोठीतही तुरटी. पाणी मात्र इतकं नितळ तालुक्यात कुणाकडे नसेल.