रिस्तिनमावशीचा उजवा हात

माझ्या रिस्तिनमावशीला कशाचीच भीती वाटत नाही, असं नॉर्वेच्या उत्तर टोकाला नदीकाठी वसलेलं आमचं अख्खं सामी आदिवासींचं गाव म्हणायचं. गावाचं काय जातं म्हणायला! गेल्या जुलैत तिला स्वतःच्याच उजव्या हाताची धास्ती होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

हात तसा नावाजलेला. होडीत आलेला सॅल्मन मासा ती दांडक्याच्या एका फटक्यात शांत करायची. पुढे नदीतला सॅल्मन इतका आटला की ओस्लोच्या सरकारने मासेमारीच बंद केली. रिकाम्या नदीत मग कुबडे घुसले. हा परक्या समुद्रातला, पाठीला कुबड असलेला सॅल्मन. एक साल आड झुंडीने येतो, आमच्या माशांच्या अंडी घालायच्या जागा बळकावतो आणि तिथेच मरून पाणी नासवतो.

म्हणून आम्ही नदीला आडवं कुंपण घालून मध्ये सापळा लावला. माझा दीर योव्ना जाळीने मासा काढून फळीवर टाकायचा. कुबडा असला तर मावशीने मारायचा, आपला असला तर मी उचलून कुंपणापलीकडे सोडायचा.

"आपल्यातला एक जरी माझ्या हातून गेला ना," पहिल्याच सकाळी मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तर नदीला तोंड कसं दाखवू? या हाताला सॅल्मन दिसला की मारायचंच कळतं गं."

"मग दांडकं दे माझ्याकडे."

"तुझ्याकडे? मासा वाट बघून कंटाळेल!"

मी हसले खरी, पण तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागला. फळीवर मासा आपटला की मी आधी तिच्या मनगटाकडे बघायचे.

त्या दिवशी कुबड्यांची रीघ लागली होती.

"मावशी, दम खा जरा!" योव्ना ओरडला.

"तू तोंड मिट आणि हात चालव."

त्याने जाळी पालथी केली आणि फळीवर पडली ती आमचीच मादी. दीड हात लांब, पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. मावशीचा डावा हात तिला दाबून धरायला गेला, उजवा वर उठला. कुबड्यासाठी नुसतं मनगट हलायचं. आता तो पार खांद्यातून उठला, होडीत उठायचा तसा.

"मावशी!" मी किंचाळले.

फटका आता थांबणार नव्हता. तिने डावा हात पुढे सरकवून माशाच्या डोक्यावर ठेवला. हाड मोडल्याचा आवाज आला.

मोडक्या बोटांनीच मादीला कवटाळून ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे करून उभी राहिली. मी धरायला गेले तर खेकसली, "सर बाजूला!" मादी कलंडत होती, कल्ले हलेनात.

"घे गं बाई, श्वास घे," मावशी पुटपुटत होती.

कितीतरी वेळाने शेपटी हलली. मावशीच्या तोंडावर पाणी उडवून मादी वर निघून गेली.

दुसऱ्या सकाळी मावशी प्लास्टर घालून सापळ्यावर हजर. तिने दांडकं माझ्या हातात कोंबलं.

"अगं, मला कुठे जमतं?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

पहिला कुबडा मारायला मला तीन फटके लागले. मावशीने डोळे गच्च मिटून घेतले, पण दांडकं परत मागितलं नाही.